तव्यावरची दुसरी भाकर

डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेआठ. नागपूर-अमरावती रस्त्यापासून थोडं आत, संत्र्याच्या बागेला लागून शेतातच काढलेलं न्याहारीचं ठिकाण. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, कडुलिंबाखाली खाटा आणि टेबलं. एका टेबलावर चौघांचं कुटुंब बसलेलं. चुलीवरच्या बाईंनी टम्म फुगलेली भाकर सराट्यावरूनच, म्हणजे उलथण्यावरूनच, आणली, कर्त्या माणसाच्या ताटात टाकली आणि लगेच वळल्या. त्यानं हाक मारली, "मावशी, चौघांच्या एकदमच आणा ना, सोबत खातो." बाई म्हणाल्या, "ही गरम खाऊन घ्या नं भाऊ, दुसरी तव्यावरच हाय." त्याला ते रुचलं नाही. मालकाला बोलावणं गेलं, मालक चुलीपाशी जाऊन काहीतरी सांगून आला, आणि दहा-बारा मिनिटांनी चार भाकरी एकावर एक रचून टेबलावर आल्या. वरची ताजी, खालच्या तिन्ही बसलेल्या आणि चामट. "कडक आहेत," म्हणत त्यानं त्या बाजूला सारल्या. आधी आलेली वाफाळती भाकर तोवर ताटातच गार झाली होती. जाताना मालकाला सांगून गेला, चव ठीक आहे, सर्व्हिस सुधारा.

यात कुणाचंच चुकीचं म्हणता येत नाही, म्हणून तो प्रसंग जास्त खुपतो. सोबत बसून खावं असं वाटणं रास्तच आहे, गिऱ्हाइकाचं ऐकणं हा मालकाचा धर्म, आणि बाई तर शंभर टक्के बरोबर होत्या. पण ज्वारीची भाकर वाट पाहत नाही, हे त्या माणसाला कुणी समजावून सांगितलं नाही. पोळी डब्यात घालून ठेवता येते, पुरी टोपलीत चालते. भाकरीचं तसं नाही, आणि त्याला कारण आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, ते पीठ धरून ठेवतं आणि ओलही टिकवतं. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिथं पीठ धरून ठेवण्याचं काम गरम पाण्यावर सोपवावं लागतं. पाण्याच्या उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगतो, थोडा चिकट होतो आणि त्या चिकटपणावर भाकर थापली जाते. भाकर गार व्हायला लागली की तोच स्टार्च पुन्हा आवळतो. मऊपणा जातो, कडा ताठ होतात, घास चावावा लागतो. एकावर एक रचल्या तर आणखी वाईट. खालच्यांची वाफ कोंडते, पापुद्रा ओला होऊन चिकटतो, आणि थोड्या वेळानं वरून सादळलेली, आतून आवळलेली अशी काहीतरी वस्तू हाती येते.

भाकर तव्यावरून उतरली की तिला दहा मिनिटं मिळतात. फार तर पंधरा.

त्या दहा मिनिटांच्या आधीचं काम पाहण्यासारखं असतं. काठवटीत एका भाकरीपुरतं, म्हणजे साधारण 80 ग्रॅम पीठ ओढून घेतात. सगळं पीठ एकदम भिजवत नाहीत, कारण भिजवलेलं पीठ पडून राहिलं की सैल होतं आणि थापताना फाटतं. मध्ये आळं करून कढत पाणी घालायचं, आधी बोटांनी कालवायचं आणि हात लावण्याजोगं झालं की तळहाताच्या उंचवट्यानं रगडायचं. हे रगडणं किमान दोन मिनिटांचं. इथं घाई केली तर थापताना कडेला चिरा पडतात, आणि चिरलेली भाकर फुगत नाही, कारण वाफ तिथूनच निघून जाते. मग कोरडं पीठ भुरभुरवून थापायचं, मधे जाड राहू द्यायचं नाही आणि कडा पातळ करायच्या नाहीत. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच ओला हात फिरवायचा. पाणी कमी पडलं तर कोरडं पीठ भाजून पांढरे डाग राहतात आणि भाकर करकरीत होते. जास्त झालं तर ते तव्यावर ओघळतं आणि भाकर खाली चिकटते. वरचं पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, त्या नेमक्या वेळी उलटायची. उशीर झाला की वर भेगा. दुसरी बाजू नीट भाजून घ्यायची आणि मग तवा सरकवून भाकर थेट आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, उभी करायची. तिथं ती फुगते. फुगली म्हणजे पदर सुटला, आतलं पीठ वाफेवर शिजलं. न फुगलेली भाकर मधे कच्ची असते आणि पोटाला जड पडते.

आता हिशेब करा. एक तव्यावर असताना दुसरी थापणारी सराईत बाईसुद्धा तासाला 25च्या आसपास भाकरी काढते. रविवारी सकाळी शेतावरच्या अशा ठिकाणी 40 माणसं आली आणि प्रत्येकानं दोन भाकरी खाल्ल्या तर 80 भाकरी झाल्या. सगळी गर्दी साडेआठ ते दहा या दीड तासातच असते. म्हणजे कमीत कमी तीन चुली, तीन तवे आणि तीन बाया हव्यात. बहुतेक ठिकाणी दर्शनी एकच चूल असते. तिच्याभोवती फोटो निघतात आणि बाकीच्या भाकरी मागच्या खोलीत गॅसवर होतात. गॅसवर भाकर वाईट होते असं नाही. मोठा बर्नर आणि जाड लोखंडी तवा असेल तर चांगली होते. अडचण येते ती मागची खोली टेबलापासून 50 पावलं लांब असते तेव्हा, आणि वाढपी चार भाकरी जमल्याशिवाय निघत नाही तेव्हा. बैलगाडीचं चाक, कंदील, जुनं जातं यांवर जो खर्च होतो त्याच्या आधी चुलीची जागा ठरली पाहिजे. खाणारा जिथं बसतो तिथून चूल दिसावी, दहा-बारा पावलांवर असावी आणि वारा चुलीकडून टेबलांकडे येणार नाही अशी असावी. धुरानं डोळे चुरचुरायला लागले की चव लागत नाही.

चुलीत काय जळतं यावरही बरंच ठरतं. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडं, फुकट मिळतात, म्हणून त्याच लावल्या जातात. पऱ्हाटी भसकन पेटते, मोठा जाळ देते आणि विझते. तिला आर राहत नाही. तिच्यावर पाणी उकळावं, फोडणी द्यावी. भाकरीला मात्र बाभळीचं लाकूड हवं. ते सावकाश पेटतं, पण त्याचे निखारे टिकतात आणि भाकर उभी करायला चांगला आर मिळतो. पऱ्हाट्यांचं खरं काम वांग्याच्या भरताचं. ढीग पेटवायचा, तेल लावलेली वांगी वर टाकायची आणि सालं काळी पडून डेखापाशी, म्हणजे देठापाशी, पाणी सुटेपर्यंत परतत राहायचं. त्या धुराचा वास गरात उतरतो आणि कच्चा कांदा, हिरवी मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि मीठ एवढ्यावर भरीत उभं राहतं. गॅसच्या ज्योतीवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, मग फोडणीत लसूण वाढवून भरपाई केली जाते, आणि ती लगेच ओळखू येते.

वाट पाहू शकतात अशाही गोष्टी आहेत, आणि शहाणा मालक ताटात त्यांची गर्दी करतो. ज्वारीच्या कण्या सकाळी सहाला शिजवून गंज, म्हणजे पातेलं, चुलीच्या कडेला ठेवला तर नऊपर्यंत त्या आणखी आळतात आणि आणखी चांगल्या लागतात. वर ताक नाहीतर दूध ओतलं की झालं. जवसाची चटणी आठवडाभर राहते, फक्त जवस तडतडेपर्यंत मंद भाजलेला हवा. कच्चा राहिला तर कुटताना लगदा होतो, जळला तर कडवटपणा काही केल्या जात नाही. चण्याचा रस्सा, म्हणजे पोह्यांवर ओततात ती तर्री, तर मुरला की सुधारतो. तर्रीचा लाल रंग टिकवायचा असेल तर तिखट घालण्याआधी जाळ कमी करावा लागतो. कडकडीत तेलात पडलेलं तिखट करपून तपकिरी होतं, मग कितीही तेल ओता, वर येणारा तवंग मळकटच दिसतो. हळद वायगावची आणि तिखट भिवापुरी मिरचीचं असेल तर मालकानं ते सांगावं. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्ही गावं विदर्भातलीच आहेत. पण त्या रश्शाखालचे पोहे मात्र थांबत नाहीत. भिजवून चाळणीत दहा मिनिटं निथळलेले, फोडणी देऊन वाफवलेले पोहे तासाभरानं कोरडे होतात आणि त्यांच्यावर रस्सा ओतला की बोळा होतो. बेसनही, म्हणजे पिठलंही, तसंच. एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी घेऊन केलेलं पातळ बेसन अर्ध्या तासात सुरी लावून कापावं इतकं घट्ट बसतं. त्यात पुन्हा पाणी घालून गरम केलं की त्याला कच्चट वास यायला लागतो. ठेचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त बिघडवला जातो. शेवटच्या भाकरीनंतर तव्याची धग असतेच, तिच्यावर चमचाभर तेल, 12-15 हिरव्या मिरच्या, 8-10 लसणाच्या पाकळ्या, जाडं मीठ टाकायचं आणि डाग पडले की तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायचं. मिक्सरमधून काढलेल्या ठेच्याला पाणी सुटतं आणि मिरचीचा दाणा दाताखाली येत नाही.

आणि उकडपेंडी! शेतावरच्या न्याहारीला हिच्याइतकं साजेसं दुसरं काही नाही, तरीही पाटीवर ती क्वचित दिसते. कारण बहुधा असं की दिसायला साधी आहे, फोटोत उठत नाही. गव्हाचं जाडसर पीठ लागतं, बन्सी गव्हाचं मिळालं तर उत्तमच. काही घरी दोन वाट्या गव्हाच्या पिठाला एक वाटी ज्वारीचं पीठ घालतात, त्यानं ती हलकी होते. एक वाटी पिठाला चार चमचे तेल, एक मोठा कांदा, तीन-चार मिरच्या. मोहरी-जिऱ्याची फोडणी, कांदा पारदर्शक झाला की हळद आणि लगेच पीठ. इथून पुढे दहा मिनिटं मंद आचेवर नुसतं परतणं. रंग बदामी झाला आणि खमंग वास अंगणात पोचला की भाजणं झालं. पीठ कच्चं राहिलं तर उकडपेंडी टाळूला चिकटते, पुढे कितीही वाफ द्या. मग आंबट ताकाचा हबका मारायचा, ताक नसेल तर गरम पाण्याचा. एकदम ओतायचं नाही. थोडं शिंपडायचं, सराट्यानं गाठी फोडायच्या, झाकून तीन मिनिटं वाफ आणायची, पुन्हा शिंपडायचं. सगळं मिळून पिठाइतकंच, किंवा जरा कमी ताक लागतं. पीठ बारीक असेल तर गोळा होतो आणि मग ती खायची की थापायची तेच कळत नाही. नीट झालेली उकडपेंडी दाणेदार असते, बोटांनी मोकळी होते. वर लिंबू, सांभार, बाजूला दही. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवली तरी तिचं काही बिघडत नाही, उलट वाफ मुरते. चौघांना एकाच वेळी, सोबत, गरम खायला घालायचं असेल तर ती या कामाची आहे.

शेतावर खरंच न्याहारी होत असे तेव्हा गरम भाकर नव्हतीच. घरून निघताना फडक्यात बांधलेली, नऊ-दहाच्या सुमारास धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सोडलेली, कांदा बुक्कीनं फोडून आणि ठेचा लावून खाल्लेली गार भाकर होती ती. सुती फडकं वाफ शोषून घेतं, म्हणून ती ओली होत नसे. उरायची ती संध्याकाळी ताकात कुस्करली जायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोडणीला पडायची. आणि तव्यावरून थेट ताटात येणारी भाकर हे घरातल्या पुरुषांचं आणि लेकरांचं सुख होतं. थापणारी सगळ्यांच्या मागून खायची, तिच्या वाट्याला चुलीच्या कडेला राहिलेली असायची. त्यामुळे "शेतातली अस्सल न्याहारी" अशी पाटी वाचून बरं वाटतं आणि अवघडूनही जायला होतं. घरातल्या एकीच्या बसून न खाण्यावर जे सुख उभं होतं, ते आज पैसे देऊन टेबलावर मिळतं, आणि ते देणारीही बहुतेक वेळा त्याच गावातली, तसाच पदर खोचलेली बाई असते. फरक एवढाच की आता तिला दिवसाचा रोज मिळतो. तो किती मिळतो, हे ताटाच्या किमतीवरून कधीच कळत नाही.

दुसरी एक गोष्ट ताटात दिसत नाही. भाकर ज्वारीची असते, पण भोवतालच्या शेतात ज्वारी नसते. नजर जाईल तिथवर कापूस, तूर, खरिपात सोयाबीन, आणि काटोल-वरुड-मोर्शीकडे संत्रा. विदर्भातली ज्वारी मुख्यतः खरिपाची. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि त्याला भाव मिळत नाही. त्यातून वाचली तर पाखरं, रोही म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघतं आणि हाती रोख पैसा देतं, तेव्हा ज्वारी सोडणाऱ्याला बोल लावता येत नाही. म्हणून शेतावरच्या या भाकरीची ज्वारी पुष्कळदा रब्बीची मालदांडी असते, सोलापूर-मराठवाड्याकडून आलेली. दाणा पांढरा, टपोरा, गोड. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या मालकाकडे पाच-सात एकर आहेत त्यानं अर्धा एकर घरच्या न्याहारीसाठी ज्वारी पेरावी असं मनापासून वाटतं. हुरडा होईल, भाकर होईल, कडबा गुरांना होईल, आणि येणाऱ्या लेकरांना कणीस कसं लागतं ते दिसेल. राखण करावी लागेल हे खरंच.

पिठाचंही तसंच. दळलेल्या ज्वारीची विरी, म्हणजे थापताना पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, लवकर जाते. आठ-दहा दिवसांत पीठ थापायला नाठाळ होतं, तीन आठवड्यांनी त्याला कडवट वासही यायला लागतो. विरी गेलेलं पीठ उकड काढून वापरता येतं, पण ती तडजोड आहे. क्विंटलभर दळून ठेवण्यापेक्षा दर तीन-चार दिवसांनी गिरणीतून आणलेलं पीठ हवं. ताटात चिरलेल्या कडांची, न फुगलेली भाकर आली तर बाईंच्या हाताला नावं ठेवण्याआधी पीठ कधीचं आहे ते विचारावं.

समृद्धी महामार्ग 2022च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तेव्हापासून घाईची वाहतूक त्यावरून जाते. तिथं वाटेत गाडी वळवून कुणाच्या शेतात उतरता येत नाही, इंटरचेंजवरूनच बाहेर पडावं लागतं. म्हणून शेतावरची न्याहारी जुन्या रस्त्यांवर राहिली आणि तिच्याकडे येणारा आता मुद्दाम येतो. मुद्दाम येणाऱ्याला थांबायला सांगता येतं. टेबलावर बसल्या बसल्या वाढप्यानं एवढंच सांगावं: "भाकर एकेक येईल, आली तशी खा, तोवर कण्या घ्या, उकडपेंडी घ्या." पहिली भाकर चौघांनी मोडून खावी, तोवर दुसरी येते. अशा रीतीनं सोबत खाणंही होतं आणि काही गारही होत नाही. अनलिमिटेड ताटाची पद्धत मात्र इथं बंद व्हावी. ठरलेल्या पैशात कितीही भाकरी म्हटलं की माणूस एकदम चार मागून घेतो, दीड खातो, अडीच टाकतो. भाकरीमागे दर लावावा, आणि त्यातला ठरलेला हिस्सा थापणारीच्या हातात, त्याच दिवशी, रोजाच्या वर जावा.

कुणी जायचं ठरवत असेल तर ऋतू पाहून जावं. डिसेंबर-जानेवारीत तुरीचे हिरवे सोले निघतात, त्यांची झणझणीत आमटी भाकरीबरोबर मिळाली तर दुसरं काही मागू नये. आंबिया बहाराची संत्री तेव्हा संपत आलेली असतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर पत्र्याखाली बसवत नाही, सातला पोचावं, आणि चुलीपाशी बसणारीला तेव्हा 45 अंशांत काम करावं लागतं हे लक्षात घेऊन कण्या-ताकावर भागवावं. पावसाळ्यात सरपण ओलं असतं, चूल धुमसते, भाकरीला धुराचा कडसर वास लागतो. त्या दिवसांत मालक गॅसवर करत असेल तर हरकत घेऊ नये. आदल्या दिवशी फोन मात्र करावा. किती माणसं येणार ते सांगावं, पीठ कधी दळलं ते विचारावं, आणि उद्या चुलीवर बाया किती असतील तेही.